बॅसिलिस्कसच्या नावाने गळ्यात मारलेले नाणे

पाचव्या शतकातली तांब्याची चिमुकली बायझंटाइन नाणी, म्हणजे नमस, विकत घेत असाल तर हे जरूर वाचा. नाणे जेमतेम नऊ-दहा मिलिमीटरचे, वजन एक ग्रॅमच्या आसपास. ठसा मोठा आणि धातूचा तुकडा लहान, त्यामुळे सम्राटाच्या चेहऱ्याभोवतीचे नाव बहुतेक वेळा नाण्यावर उमटलेलेच नसते. उरतो मागच्या बाजूचा मोनोग्राम. मार्सियन, लिओ, झेनो, अनास्तासियस अशा एखाद्या सम्राटाच्या नावाची अक्षरे त्यात एकात एक गुंफलेली असतात. एकच उभी रेघ दोन-तीन अक्षरांची असते, म्हणून एखादी आडवी रेघ वाढली की नाव बदलते. नाव बदलले की किंमत बदलते.

युरोपातल्या एका नाणेमेळ्यात मला बॅसिलिस्कसचे म्हणून असे एक नाणे विकले गेले. झेनोला हुसकावून हा माणूस ४७५-७६ मध्ये वीसेक महिने कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर होता. साहजिकच त्याची नाणी दुर्मीळ. त्या मानाने लिओ आणि झेनोची पुष्कळ सापडतात. पाकिटात नाण्याशेजारी मोनोग्रामचे शाईने काढलेले सुबक चित्र होते. खरी फसवणूक त्या चित्रात आहे. ते आधी पाहिले की झिजलेल्या तांब्यावर डोळे त्याच रेघा शोधतात आणि त्यांना त्या सापडतातही. विक्रेत्याला हे पक्के ठाऊक होते, म्हणून तो नाण्याआधी चित्र पुढे करत होता.

नाण्यावर वाळूसारखा पिवळट थर होता, त्यामुळे अक्षरे उठून दिसत होती. अ‍ॅसिटोन या द्रावकात ठेवल्यावर तो सुटला. तांब्यावर शतकानुशतके चढलेला अस्सल थर अ‍ॅसिटोनने निघत नाही; निघतो तो वरून चिकटवलेला. खाली दहापट भिंगातून सगळे उघडे पडले. ठशातून आलेली रेघ पृष्ठभागावर उठलेली असते आणि तिच्या कडा झिजून गोलसर होतात. इथे एका रेघेच्या दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग सुईने खरवडून ती रेघ उठवली होती, आणि खरवडलेल्या जागी तांबे ताजे होते. ती रेघ सोडून दिली तर उरलेला मोनोग्राम सरळसरळ झेनोचा. पंधराशे वर्षे टिकलेल्या नाण्याचे असे वाटोळे केलेले पाहून मला पैशांपेक्षा त्याचेच जास्त वाईट वाटले.

विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. ‘वाचन हा मताचा प्रश्न’ एवढेच त्याचे उत्तर. पावतीवरही सम्राटाचे नाव नव्हते, फक्त ‘तांब्याचे प्राचीन नाणे’.

तेव्हा पावतीवर सम्राटाचे नाव आणि चूक निघाल्यास परतीची मुदत लिहून घ्या. मोनोग्रामचा फोटो जाणकाराला दाखवाल तेव्हा विक्रेत्याने सांगितलेले नाव आणि चित्र त्याच्यापासून लपवा. तिरप्या उजेडातला फोटो मागा. समोरून पडणाऱ्या उजेडात खरवड दिसत नाही. वाळूचा थर असेल तर अ‍ॅसिटोनची चाचणी तिथेच करू द्यायला सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.