सुळ्यावरचे कोरीवकाम की कातडीवरचे व्रण?

कथेतल्या कल्पित ट्रोल (लोककथांमधले धिप्पाड राक्षस) समाजाला प्रतिष्ठा अंगावर मिरवायची असेल, तर कातडीवर व्रण उठवणे किंवा सुळे कोरणे असे दोन मार्ग दिसतात. व्रणांना न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींच्या ता मोको या गोंदणकलेचा आधार देता येतो, कारण त्यात परंपरेने छिन्नीने चेहऱ्यावर खाचा पाडून वंश आणि दर्जा नोंदवला जाई. पण जखमा आपोआप भरून येणाऱ्या ट्रोलच्या अंगावर असा व्रण टिकणार कसा? सुळ्यांना ही अडचण नाही. हत्तीच्या सुळ्याप्रमाणे ट्रोलचा सुळाही मुळाशी वाढत आणि टोकाला झिजत असेल, तर तरुणपणी कोरलेला पराक्रम हळूहळू टोकाकडे सरकून पुसला जाईल आणि मुळाशी नवा कोरण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. मला हाच पर्याय अधिक पटतो. शिवाय सुळा मोडला की अब्रूही गेली, त्यामुळे कथेला संघर्ष आयताच मिळतो.