डिव्हाइन मर्सी फ्रेम + जपमाळेचा सेट: लाइट बेकार, माळ चालून जाईल, फोटो मात्र घ्याच

ऑनलाइन मागवलेला सेट आहे, डिव्हाइन मर्सीचा, म्हणजे देवाची दया दाखवणारा येशूचा फोटो असलेली वहीएवढी एक फ्रेम, तिच्यामागे एलईडीची पट्टी, प्लास्टिक मण्यांची जपमाळ आणि प्रार्थनेचं एक कार्ड. चारशेच्या आसपास पडला. विकणाऱ्याचं नाव देत नाही, हाच माल वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे आणि सगळीकडे फोटो पण तोच.

आधी वाईट सांगून टाकते. लाइट एकदम बेकार. ॲडाप्टर देत नाहीत, मोबाइलच्या चार्जरवर चालते, ते एक वेळ ठीक, पण पट्टी लाल आहे आणि येशूच्या हृदयातून निघणारे जे दोन किरण आहेत, एक लाल आणि एक पांढुरका, ते दोन्ही त्या उजेडात लालच दिसतात. मग राहिलं काय? क्रुसावरच्या येशूच्या कुशीत शिपायाने भाला भोसकला तेव्हा रक्त आणि पाणी बाहेर आलं असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे, लाल किरण रक्ताचा आणि फिका पाण्याचा, सगळा फोटो त्याच्यावरच उभा आहे. मी पट्टी उचकटून काढली, आता छान दिसतो.

दुसरं ते कार्ड. पुढून प्रार्थना बरोबर आहे पण इंग्रजीत, आणि मागे छापलंय की इतक्या जणांना वाटा म्हणजे चमत्कार होईल, नाही वाटलं तर वाईट बातमी येईल. देवाच्या दयेच्या फोटोबरोबर धमकी!! फाडून टाका सरळ. मराठी प्रार्थना आमच्या वसईत चर्चच्या पुस्तकांच्या टेबलावर मिळून जाते, तुमच्याकडे नसेल तर फादरांना विचारा.

आता मी हे घेतलं का ते. घरात आजारपण, त्यातच मिस्टरांची नोकरी गेली, आणि माझं प्रार्थना करणं हळूहळू बंदच पडलं. राग वगैरे काही नाही, नुसतं कोरडं. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायचे, उठबस करायचे, परत यायचे, आणि वर मनात हे की आपला विश्वासच एवढा लेचापेचा तर देव तरी आपल्याकडे का बघेल. असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे, बाकीच्यांनी फ्रेमपुरतं वाचलं तरी चालेल.

हा फोटो आला कुठून हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पोलंडमधली सिस्टर फॉस्टिना, जन्म 1905 चा, शाळा जेमतेम तीन वर्षं, कॉन्व्हेंटमध्ये स्वयंपाकघर, बाग आणि दारावरची ड्युटी. 1931 मध्ये प्लॉक शहरात तिला येशूचं दर्शन झालं, असंच चित्र काढून घे आणि खाली लिही, येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे. पहिलं चित्र 1934 मध्ये विल्नियसला काझिमिरोव्स्की नावाच्या चित्रकाराने काढलं, आणि ते बघून फॉस्टिना येशूपुढे रडली, की तुम्ही दिसलात तसं सुंदर नाही झालं. तर येशूकडून तिला उत्तर मिळालं की ह्या चित्राचा मोठेपणा रंगात नि ब्रशमध्ये नाही, माझ्या कृपेत आहे. आपल्याकडे जास्त दिसतो तो नंतरचा, आडोल्फ हिला यांचा, क्राकोवमधला, माझ्या फ्रेममध्येही तोच आहे. ओरिजिनल कुठला म्हणून लोक भांडतात, मला तरी त्यात काही अर्थ वाटत नाही, ते उत्तर दोन्हींना लागू आहे.

मला धरून ठेवणारी गोष्ट वेगळीच. ही बाई संत, पण नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे सिस्टर होण्याआधीच्या शिक्षणाच्या काळात असताना तिचीही प्रार्थना पार कोरडी पडली होती, देवाने आपल्याला टाकलंय असंच तिला वाटायचं, आणि हे तिने स्वतः डायरीत लिहून ठेवलंय. टीबीने 33 व्या वर्षी गेली. 1959 मध्ये व्हॅटिकनने ह्या भक्तीवर बंदी पण घातली होती, ती 1978 मध्ये उठली. 2000 साली तिला संत जाहीर केलं आणि पास्काच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या पुढच्याच रविवारी, देवाच्या दयेचा सण सगळ्या चर्चसाठी ठरला. त्या रविवारी शुभवर्तमान कुठलं वाचतात, तर थोमाचं! दारं लावून बसलेले घाबरट शिष्य आणि येशू मेलेल्यातून उठला ह्यावर जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा शिष्य थोमा, आणि येशू बंद दारातून आत येतो, शिव्या न घालता ‘तुम्हांस शांती असो’ म्हणतो, हात दाखवतो. म्हणजे दयेच्या सणाला चर्चने वाचायला घेतला तो शंका काढणारा माणूस.

जपमाळेचं सांगायचं तर वेगळी घ्यायची गरजच नाही, घरातल्या साध्या रोझरीवरच हा देवाच्या दयेचा जप होतो. मोठ्या मण्यावर एक छोटी प्रार्थना, लहान मण्यांवर एकच वाक्य, त्याच्या दुःखसहनासाठी आमच्यावर आणि सगळ्या जगावर दया कर. सात-आठ मिनिटांत संपतो. डोकं चालत नसतं तेव्हा हे फार सोयीचं पडतं, पांगळ्याला कुबडी मिळावी तसं, स्वतःचे शब्द शोधायला लागत नाहीत, चांगलं वाटायलाच पाहिजे अशी पण अट नाही. दुपारी तीनला म्हणायची पद्धत आहे, येशूच्या मरणाची वेळ म्हणून, मी भांडी घासताना पण म्हणते. सेटमधल्या माळेची कडी लगेच उघडते, दोऱ्याची असेल ती घ्या.

फरक पडला का? नोकरी ह्याने लागली नाही. पण मी परत कन्फेशनला, म्हणजे फादरांजवळ पापं कबूल करायला गेले, बरंच लांबवलं होतं, आणि फादरांनी लेक्चर न देता मार्कच्या शुभवर्तमानातल्या, आजारी पोराला येशूकडे आणणाऱ्या त्या बापाची आठवण करून दिली, जो येशूला म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. पोरगा बरा झाला ना त्याचा, एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर.

आणि हो, कोणाची डिप्रेशनची गोळी चालू असेल तर फ्रेम आणली म्हणून बंद करू नका, डॉक्टरांकडे जात राहा.

फोटोला पाच स्टार, माळेला तीन, लाइटला शून्य. चर्चबाहेरच्या स्टॉलवर बिनलाइटची फ्रेम मिळाली तर तीच घ्या, स्वस्त पडते आणि पुसायलाही सोपी.