पेसाखच्या चार पेल्यांसाठी नाशिकच्या मनुका: कोणत्या घ्याव्यात, कोणत्या नकोत

पेसाख हा मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून झालेल्या सुटकेचा ज्यू सण. त्या रात्रीच्या ‘सेदेर’ या विधी-भोजनात प्रत्येकाने वाईनचे चार पेले प्यायचे असतात. नाशिकसारख्या वाईनच्या गावात पेसाखच्या रात्रीसाठी मनुका भिजवत कशाला बसायचं, हा प्रश्न पाहुणे हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे. किद्दुशची (सणाच्या आशीर्वादाची) वाईन द्राक्षं चिरडल्यापासून बाटली बंद होईपर्यंत शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिन) पाळणाऱ्या ज्यूंच्याच हातून झालेली लागते. बाटलीवर कोशरचा (ज्यू आहारनियमांत बसल्याचा) शिक्का नसेल, तर वाईन कितीही नावाजलेली असो, सेदेरच्या टेबलावर तिला जागा नाही. बेने इस्राएल (महाराष्ट्रातल्या ज्यू) घरांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या मनुकांचं घरगुती शरबत हा मार्ग ठेवला आहे. रविवार कारंजा भागातल्या किराणा दुकानांत काळ्या मनुका, हिरवा बेदाणा आणि सोनेरी बेदाणा असे तीनही प्रकार सुटे मिळतात. निकाल आधीच सांगतो: काळ्या मनुका घ्या, बाकीचे दोन खिरीत घाला.

पहिलं कारण रंगाचं. सेदेरसाठी शक्यतो लाल वाईन घ्यावी असं शुल्हान आरुख हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ सांगतो. काळ्या मनुकांचं शरबत गडद, लालसर तपकिरी उतरतं. मिसरवरच्या दहा आपत्तींची नावं घेताना पेल्यातला एकेक थेंब बशीत काढतात. सुटका आपली झाली, पण मेली ती माणसंच, म्हणून आपला आनंद तेवढा कमी करायचा. हिरव्या बेदाण्याच्या फिकट पाण्याचा थेंब पांढऱ्या बशीत दिसतसुद्धा नाही, आणि टेबलाभोवतीच्या मुलांना काही कळत नाही.

सोनेरी बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते. तो रात्रभर भिजला की काडेपेटीसारखा वास येतो आणि गाळूनही जात नाही. हिरवा बेदाणा पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवतात. चवीला छान, पण ते ओलिएट कोणत्या तेलापासून आलं हा पेसाखपुरता वेगळा प्रश्न उरतो. काळ्यातही तुकतुकीत माल टाळा, कारण ती चमक बऱ्याचदा वरून चोळलेल्या तेलाची असते.

खरी परीक्षा ओलाव्याची. मनुकांच्या वाईनवर किद्दुश चालतं, पण अट अशी की मनुकांत इतका ओलावा हवा की तुडवल्या तर त्यांचा मध बाहेर येईल. दुकानातच एक मनुका चिमटीत दाबून पाहा. बोटाला चिकट रस लागला तर घ्या. कडक राहिली किंवा चुरा झाला तर पुढच्या दुकानात जा. इथं नाशिकची एक अडचण आहे. पेसाख मार्च-एप्रिलमध्ये येतो, तेव्हा नवा बेदाणा नुकता निघत असतो, काही तर अजून रॅकवरच असतो. बाजारात बराचसा माल गेल्या हंगामातला, शीतगृहातून काढलेला असतो. जुना असायला हरकत नाही, वाळकोट नको. आणि ‘नाशिकचा’ म्हणून दिलेला माल तासगावचा निघाला तरी नाक मुरडू नका. बेदाण्याची मोठी बाजारपेठ तीच आहे.

सुट्या मालाचा खरा दोष दुसराच: शेजारी कणकेचं पोतं आणि रव्याचं पिंप. पेसाखला हामेत्स, म्हणजे पाणी लागून फुगलेलं धान्य, कणभरही चालत नाही. पिठाची भुकटी मनुकांबरोबर पाण्यात गेली की सगळं भांडं बाद. म्हणून मनुका सण लागण्याआधी, हामेत्सची आवराआवर होण्यापूर्वी आणा, वाहत्या पाण्यात चोळून धुवा, पसरून कीड निवडा आणि नव्या डब्यात बंद करा. हा काटेकोरपणा नुसत्या स्वच्छतेचा नाही. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात (बेराखोथ १७अ) राब्बी (धर्मगुरू) अलेक्झांद्री प्रार्थनेत म्हणतात, की तुझी इच्छा पाळावी हीच आमची इच्छा आहे, पण आड येतात ‘कणकेतलं खमीर’ आणि परक्या राज्यांची सत्ता. बाहेरचा राजा देव हटवील. आतून फुगवणारं खमीर आपण झाडायचं. मात्सा (सणाची बिनखमिराची भाकरी) चपटी असते ती त्याचसाठी, असं बरेच राब्बी सांगतात.

आता प्रमाण. एका पेल्यात किमान ८६ मिली लागतं (कडक मताने १५० मिली) आणि त्यातलं निम्म्याहून अधिक प्यायचं असतं. ९० मिलीचे चार पेले, चार माणसं, वर एलियाहू हानाबी या संदेष्ट्याचा एक पेला, म्हणजे सुमारे दीड लिटर. त्यासाठी ९०० ग्रॅम मनुका आणि १.८ लिटर पाणी. दहा-बारा तास भिजवा, हाताने पूर्ण कुस्करा, मलमलच्या दुहेरी फडक्यातून घट्ट पिळा. साखर नको. इथं घाई करणारे नुसती उकळी आणून पाणी गाळतात आणि मनुका तशाच टाकून देतात. ते झालं मनुकांच्या वासाचं पाणी. त्यावर ‘बोरे पेरी हागेफेन’ हा वाईनचा आशीर्वाद म्हणता येत नाही. भिजवण फ्रिजमध्येच ठेवा. एप्रिलच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी फेस धरतं. द्राक्षाचं आंबणं हामेत्स नाही, तेव्हा नियम मोडत नाही, पण चव बिघडते.

गाळण्यात कुचराई नको, कारण त्या रात्री आपला पेला आपण भरायचा नाही अशी रीत आहे. शेजारच्याने आपला भरायचा, आपण त्याचा. गुलामीतून सुटलेल्या माणसाचा हा मान, आणि तो एकमेकांची सेवा करूनच मिळतो. गाळ राहिला तर तो शेवटच्या माणसाच्या वाट्याला जातो. नाहीतरी निर्गमच्या ग्रंथात ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ एवढ्यावर वाक्य थांबत नाही. ‘म्हणजे ते माझी सेवा करतील’ हे पुढे लागूनच येतं. आणि हा निरोप फारोकडे नेणारा मोशे, ज्याला तोरा (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस म्हणते, त्याचं नाव हाग्गादात (सेदेरला वाचायच्या पोथीत) जवळजवळ येतच नाही. पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हाग्गादापासून आजच्या प्रतींपर्यंत गोष्ट देवाची आहे, पुढाऱ्याची नाही.

चार पेले निर्गम ६:६-७ मधल्या सुटकेच्या चार वचनांचे. आठव्या ओवीत पाचवं वचन आहे, ‘मी तुम्हाला देशात आणीन’. त्यासाठी पाचवा पेला हवा की नको, यावर जुना वाद आहे. तो मिटवायला एलियाहू येईल आणि मशियाखची (येणाऱ्या तारणाऱ्याची) बातमीही तोच आणील, अशी समजूत. म्हणून त्याचा पेला भरायचा, दार उघडायचं, प्यायचा मात्र नाही. हिशोबात हा पेला विसरला जातो आणि ऐनवेळी शरबतात पाणी ओतलं जातं. तसं करू नका, १०० मिली जास्तच धरा. रात्री तो झाकून फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळच्या किद्दुशला चालतो. पिळलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून ‘दुसरं शरबत’ काढतात, ते उन्हातून आल्यावर प्यायला ठीक, किद्दुशसाठी नाही.