रोज कॅफेतली कॉफी परवडते का? दिवाळी ते गणपती, रत्नागिरीतला अनुभव

रोज कॅफेत जाऊन कॉफी पिणं परवडतं का, हा प्रश्न मला गेले कित्येक महिने घरून, शेजारून आणि ऑफिसच्या ग्रुपवरूनही विचारला जातोय. उत्तर आधीच देते. नुसती कॉफी प्यायला जात असाल तर नाही परवडत, आणि रोज तर मुळीच नाही. बसून काम करायला, दोन-अडीच तास निवांत मिळावेत म्हणून जात असाल, तर आठवड्यातून तीन दिवस नक्की परवडतं. आमच्यासारख्या लहान शहरात राहणाऱ्या बाईला तर जास्तच परवडतं. हे मी का म्हणते, ते सविस्तर लिहिते.

मी पुण्यातल्या एका फर्मसाठी घरून हिशेबाचं काम करते. जीएसटीची विवरणपत्रं, पगारपत्रकं, बँकेचे मेळ, असं सगळं. घर नाचण्याच्या बाजूला, कॅफे मारुती मंदिराजवळ. २०२४ च्या दिवाळीनंतर रविवार सोडून रोज जायला लागले, ते २०२५ च्या गणपतीपर्यंत. कपुचिनो आधी १२० रुपयांना होती, शिमग्याच्या सुमाराला १४० झाली. वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १४७. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३,६७५ रुपये आणि वर्षाचे ४४,१००. यात सँडविच नाही, ब्राऊनी नाही, रिक्षाही नाही. सासूबाईंना एका कपाचा भाव सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो, तेवढ्यात आपल्याकडे पाच दिवसांचं दूध येतं." खरंच येतं. रोज अर्धा लिटर, साठ रुपये लिटरने हिशेब जवळजवळ बरोबर बसतो. "आई, मी बसायचे पैसे देते, कॉफीचे नाही," असं मी त्यांना म्हटलं खरं, पण ते आकड्यांत मांडून बघायला हवं होतं.

तर आकडे. कॅफेत एका कपुचिनोला साधारण १८ ग्रॅम कॉफी लागते. बऱ्यापैकी भाजलेली अरेबिका (कॉफीची एक जात) हजार-अकराशे रुपये किलोने धरली, तर ती झाली वीस रुपयांची. दीडशे मिली दूध नऊ-दहा रुपयांचं. म्हणजे कपात माल तीसेक रुपयांचा. उरलेले शंभराहून अधिक रुपये गाळ्याचं भाडं, वीज, एसी, दोन मुलांचे पगार आणि मशिनचा हप्ता यांत जातात. मालकाने लूट चालवली आहे असं मला अजिबात वाटत नाही. २० रुपयांनी भाव वाढला तेव्हा पुष्कळ जणांनी नाकं मुरडली, पण त्यामागे कारण होतं. २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये मोठा दुष्काळ पडला, आणि जगातली सगळ्यात जास्त कॉफी तिथेच पिकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाचा भाव पौंडाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, ४ डॉलरच्या वर गेला, तोवर कधी नव्हता इतका. आपल्याकडची बरीचशी कॉफी कोडगू, चिकमगळूर, हसन या कर्नाटकातल्या जिल्ह्यांतून येते. ती रत्नागिरीहून घाट चढून एका दिवसात पोचण्याइतकी जवळ आहे, पण भाव ठरतो जगाच्या बाजारावर. हापूस पिकवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता चवीबद्दल. दिवाळी ते मार्च कॉफी छान असायची, रोज एकसारखी. पाऊस सुरू झाला आणि फरक पडायला लागला. हवेत दमटपणा वाढला की दळलेली कॉफी ओल धरते आणि मशिनमधून पाणी जायचा वेग बदलतो. दळण सकाळी लावलं तसंच दिवसभर ठेवलं तर दुपारचा कप कधी कडवट, कधी पाणचट लागतो. कॅफेतला एक मुलगा हे ओळखून दिवसातून दोन-तीनदा दळण बारीक-जाड करायचा, त्याच्या हातची कॉफी जुलैतसुद्धा चांगली लागायची. दुसरा नवा होता, त्याच्या पाळीला मी सरळ ब्लॅक कॉफी मागवायची. रोज जाण्याचा फायदा हाच, की कोणत्या वेळी कोण असतं ते कळतं.

पावसाळ्यातली खरी अडचण विजेची. मशिनच्या बॉयलरला तीनेक किलोवॉट लागतात. साध्या इन्व्हर्टरवर दिवे, पंखे आणि वायफाय चालतं, मशिन चालत नाही. लाईट गेली की कपुचिनो बंद. अशा वेळी आमच्या कॅफेत गॅसवर पाणी तापवून फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दट्ट्या दाबून कॉफी गाळायच्या भांड्यात, कॉफी करून देतात, तीही ४० रुपये कमी घेऊन. मला ती आवडली. पण मी तिथे जायची ते मुख्यतः वायफायसाठी, कारण वारा-पाऊस सुरू झाला की आमच्या भागातली लाईट आणि इंटरनेट दोन्ही एकदमच जातात. विवरणपत्र भरायची शेवटची तारीख पाऊस बघून पुढे जात नाही. त्या दोन-तीन महिन्यांत कॅफेच्या इन्व्हर्टरने माझी जेवढी कामं वेळेत पार पाडली, तेवढ्यावरच निम्मे पैसे वसूल झाले असं मी मानते.

घरच्या कॉफीशी तुलना केल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. मी स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर आणला, दोन मजली, वरच्या भांड्याला भोकं असलेला. पावडर वर, उकळतं पाणी त्यावर, झाकण, आणि पंधरा-वीस मिनिटांनी खाली दाट अर्क. कपाला दहा ग्रॅम पावडर म्हणजे दहा रुपये, शंभर-सव्वाशे मिली दूध सात रुपये, साखर-गॅस धरून वीस रुपयांच्या आत कप होतो. चव, प्रामाणिकपणे सांगते, कॅफेच्या कपुचिनोपेक्षा मला जास्त आवडते. दाट, गरम आणि मनासारखी गोड. फक्त पाकीट घेताना चिकोरीचं प्रमाण वाचा. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ, त्यात कॅफिन नसतं, रंग आणि दाटपणा मात्र येतो. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ८०:२०, म्हणजे ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी, असं घ्या. ५३:४७ ची पावडर स्वस्त मिळते, पण तिच्यात जवळपास निम्मी चिकोरीच असते.

आपल्याकडच्या हवेत पावडर सांभाळणं हा वेगळाच उद्योग आहे. जूनमध्ये उघडं पाकीट ठेवलं तर आठवड्यात गठ्ठे होतात आणि वास उडून जातो. याच पावसाळी वाऱ्यावर मंगळुरूकडच्या गोदामांत कच्च्या बिया मुद्दाम पसरून ठेवतात, त्या फुगतात, पिवळट पडतात, त्यांचा आंबटपणा जातो, आणि 'मान्सून्ड मलबार' म्हणून ती कॉफी परदेशात नावाजली जाते. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाता जाता बिया वाटेत आपोआप तशा व्हायच्या आणि तिकडच्या लोकांना ती चव लागली होती. हे सगळं न भाजलेल्या बियांचं. भाजून दळलेल्या पावडरीला दमट हवा लागली की ती फक्त वाया जाते. शंभर-शंभर ग्रॅमच आणा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा आणि ओला चमचा घालू नका.

मग घरची कॉफी स्वस्त आणि चवीलाही चांगली, तर कॅफेत कशाला जायचं? मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचं आहे.

"दहा रुपयांत टपरीवर चहा मिळतो" हे मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, ते सगळे पुरुष होते. चहा मिळतो, चांगला मिळतो, आलं घातलेला. एसटी स्टँडजवळ मीही पिते. पण टपरीवर तासभर बसायची मुभा कोणाला आहे? बाकड्यावर पेपर उघडून, पाय पसरून, कोण आलं कोण गेलं बघत बसलेली बाई मी आमच्या शहरात पाहिलेली नाही. टपरीवाले अदबीने वागतात, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. बाई तिथे चहा संपेपर्यंत उभी राहते आणि निघते. मांडवीला किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी जाता येतं, पण मुलं बरोबर, नाहीतर मैत्रीण, नाहीतर नवरा. एकटी बसलेली दिसली की ओळखीचं कोणीतरी येऊन "काय गं, एकटीच? सगळं ठीक ना?" म्हणून विचारतंच. विचारण्यात माया असते, हेही खरं. आमचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं आहे, शहराला अभिमान वाटावा असं. पुस्तकांसाठी मी तिथे जाते, पण वाचनालयात बसून पुण्याच्या साहेबांशी फोनवर ताळेबंदाची चर्चा करता येत नाही, आणि करूही नये.

घरी काम करायला काय झालं, असंही विचारतात. घर मोठं आहे, पडवी आहे, माणसं चांगली आहेत. पण घरात बाई लॅपटॉपसमोर बसली असली तरी ती 'घरात आहे' असंच धरलं जातं. गॅसचा सिलेंडर आला, मासेवाली दारात आली, पाहुणे आले, मुलाचं डोकं दुखतंय, दर वेळी उठते ती बाईच. कोणी मुद्दाम करत नाही. कॅफेत मी टेबलाशी बसले की तिथे माझं काम फक्त काम करणं एवढंच असतं. घरी चार तास चालणारा बँकेचा मेळ तिथे दोन तासांत उरकतो, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवलं. अडीच तास बसले तर १४७ रुपये म्हणजे तासाला साठ रुपयांच्याही आत. एका बाईला स्वच्छ टेबल, स्वच्छ बाथरूम, वायफाय आणि कोणी हटकणार नाही अशी खुर्ची साठ रुपये तासाने मिळत असेल, तर मी तिला महाग म्हणणार नाही.

मात्र ही खुर्ची बाराही महिने सारखी मिळत नाही. नाताळाच्या आठवड्यात आणि मे महिन्यात पर्यटक आणि चाकरमानी यांची एवढी गर्दी असते, की लॅपटॉप उघडायला लाज वाटावी. मेमध्ये आमच्या कॅफेने शनिवार-रविवारी लॅपटॉप नको अशी पाटीच लावली. मला ते पटलं. त्यांचा वर्षाचा धंदा त्या दिवसांत होतो. त्या काळात रोज जाणं म्हणजे पैसे देऊन कोंडमाऱ्यात बसणं. उलट जून-जुलैत मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, अर्धा दिवस कॅफेत मी आणि कॉलेजची दोन मुलं एवढेच. तेव्हा मालक स्वतः म्हणायचे, "बसा ताई, घाई नाही." पावसाळ्यात दुधाचं बिल आमच्यासारख्या रोजच्या गिऱ्हाइकांवर निघतं, हे त्यांनाही माहीत आहे. एक शिष्टाचार मी पाळते, अडीच तासांच्या पुढे बसायचं झालं तर आणखी काहीतरी मागवायचं.

तब्येतीचं थोडक्यात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत कॅफिन ठेवायला सांगितलंय, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलंय, कारण त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे बायकांत रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की हे गंभीरपणे घ्यायला हवं. मी कॅफेची वेळ सकाळी अकरावर आणली. संध्याकाळी पाचला प्यायलेली कॉफी रात्री झोपू देत नाही, निदान मला तरी.

बिल मात्र जरूर बघत जा. कॉम्पोझिशन योजनेतल्या (लहान व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) किंवा नोंदणीच नसलेल्या कॅफेला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. सर्व्हिस चार्ज सक्तीने लावता येत नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून इन्स्टंट कॉफीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, त्यामुळे घरी इन्स्टंट पिणाऱ्यांची बरणी थोडी स्वस्त झाली. कॅफेतल्या कपावर आधीही ५ होता, आताही ५ आहे, तिथे फरक पडणार नाही. आणि पार्सल नेऊ नका. बसायचंच नसेल तर १४७ रुपयांत कागदी कपातली कोमट कॉफी घेण्यात काहीच अर्थ नाही.

गणपतीनंतर मी रोजचं जाणं थांबवलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार कॅफे, बाकी दिवस घरचा फिल्टर. महिन्याला कॅफेचे १,९०० च्या आसपास होतात, आणि वाचलेल्या पैशांतून घरासाठी इन्व्हर्टर घ्यायचं चाललंय. तो आला की पावसाळ्यातलं निम्मं कारण संपेल, तरी तीन दिवस जाणं चालूच ठेवणार आहे. कपुचिनो दोनशेवर गेली तर तीनाचे दोन दिवस करीन, त्याखाली येणार नाही. घरून काम करणाऱ्या बाईने मला विचारलं तर मी तिला आधी फिल्टर घ्यायला सांगेन, आणि मग आठवड्यातला एक दिवस ठरवून, लॅपटॉप घेऊन, एकटीने जाऊन बसायला सांगेन.