खेकड्यांसाठी रंगीत, कृत्रिम शंख घेऊ नका : नागपूरच्या सीताबर्डीत आलेला अनुभव

लेकीला वाढदिवसाला कुत्रं हवं होतं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दोघंही नोकरीवर. म्हणून फेब्रुवारीत सीताबर्डीच्या एका दुकानातून संन्यासी खेकड्यांची (हर्मिट क्रॅब, गोगलगायींच्या रिकाम्या शंखात राहणारे) जोडी आणली. एकाचा शंख लालभडक, वर पांढरे ठिपके; दुसऱ्याचा चकचकीत निळा. जोडी सहाशेला. वर सहा रिकाम्या कृत्रिम शंखांचं पाकीट आठशेला गळ्यात मारलं. मी साधे शंख मागितले होते, तर दुकानदार म्हणाला, "ताई, साध्या शंखात किडे असतात. हा इम्पोर्टेड माल आहे, कलर कधीच निघत नाही. माही गॅरंटी." मी विश्वास ठेवला.

एप्रिलमध्ये लेकीला पाण्याच्या वाटीत लाल टिकल्या दिसल्या. नखावरची नेलपॉलिश उडते तशा. खेकडा नांगीने शंखाची कड खरवडत होता आणि तीच नांगी तोंडाकडे नेत होता. आठवडाभरात छोटा खेकडा शंख सोडून वाळूवर उघडा पडला. त्याचं पोट इतकं मऊ आणि वळलेलं असतं, की बघवत नाही. आम्ही पाकिटातले सहाही शंख त्याच्यासमोर ठेवले. दोन-तीनदा तो आत शिरला आणि बाहेर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेलेला होता. लेक त्या दिवशी शाळेत गेली नाही.

मग मी ते शंख नीट बघितले. तीन शंख रात्रभर कोमट पाण्यात ठेवले. सकाळी पाणी गुलाबी, वर तेलकट तवंग, वास थेट थिनरचा. नवऱ्याने एक शंख करवतीने उभा कापला, तर आतून नुसती पोकळ डबी! खऱ्या शंखात मधोमध एक दांडा असतो, त्याभोवती वेटोळे फिरतात. खेकडा पोटाच्या टोकाने त्या दांड्याला घट्ट धरून राहतो. इथे धरायला काहीच नव्हतं. तोंडाशी साच्याची शिवण राहिली होती, माझ्या बोटाला खरचटलं. त्याच्या पोटाचं काय झालं असेल?

आपल्याकडचा कोरडा उन्हाळाही त्याला भोवला, हे मान्य. हे खेकडे जमिनीवर राहत असले तरी त्यांचा श्वास कल्ल्यांनीच चालतो, त्याला जवळपास ८० टक्के दमट हवा लागते. दुकानदाराने दिला होता जाळीचा पिंजरा आणि एक स्पंज. कात टाकायला ते ओल्या वाळूत आठवडेच्या आठवडे पुरून घेतात, हेही त्याने सांगितलं नाही. रंगीत शंखात ते आपणहून गेलेले नसतात, हेही नंतर कळलं. कित्येकदा मूळ शंख फोडून त्यांना बाहेर काढतात.

कापलेला शंख घेऊन मी दुकानात गेले. "जिवंत वस्तूची गॅरंटी नसते ताई," एवढंच उत्तर. मी शंखाबद्दल विचारत होते. पण हातात बिल नव्हतं, पाकिटावर बनवणाऱ्याचं नावही नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करायची तरी पुरावा लागतो. तुम्ही काहीही घेतलंत तर पक्कं बिल मागा; द्यायला कां-कूं केलं की तिथूनच परत फिरा.

शंख खराच घ्या, बिनरंगाचा, गोल तोंडाचा, खेकड्याच्या शंखापेक्षा थोडा मोठा. पाण्यात उकळून, गार करून ठेवा. महाल भागातल्या पूजेच्या दुकानातला फुंकायचा शंख आणू नका, त्याचं टोक कापलेलं असतं आणि आतला ओलावा तिथून निघून जातो. थ्रीडी प्रिंटरवर केलेला 'सुरक्षित' शंख म्हणून कुणी विकत असेल, तर तो कशाचा आहे, वर रंग किंवा लेप कसला आहे आणि आत मधला दांडा आहे का, हे तिन्ही विचारा. काही प्रिंटरमध्ये रेझिन, म्हणजे पातळ प्लास्टिक वापरतात; ते नीट सुकलेलं नसेल तर विषारी असतं.

दुसरा खेकडा वाचला. रत्नागिरीच्या मावशींनी कुरिअरने पाच साधे शंख पाठवले, जाळी काढून आम्ही काचेची झाकणाची पेटी केली, वाळूत कोकोपीट मिसळलं, नळाचं पाणी क्लोरीन काढून आणि दुसऱ्या वाटीत समुद्री मिठाचं पाणी ठेवलं. जूनमध्ये पाऊस लागला त्या रात्री त्याने निळा शंख सोडला. आता तो मातकट, खरबरीत शंखात असतो. निळा मी डबीत ठेवलाय, कुणाला बघायचा असेल तर दाखवते. रंगाचा पापुद्रा आतपर्यंत सुटलेला आहे.