पात्र उभं करताना कोणतं मानसशास्त्र हाती घ्यावं?

कथा लिहिणाऱ्याला मानसशास्त्राचा आधार हवा असतो, पण नेमका कोणता, इथे बहुतेकजण अडतात. चार पर्याय एकाच पात्रावर लावून पाहू. शालिनी, आजारी वडिलांचं सगळं पाहणारी थोरली मुलगी. काटेकोर, सरळमार्गी. एके दिवशी ती वडिलांची खोटी सही करते. आता वाचकाला हे पटवायचं आहे.

सर्वांत लोकप्रिय पर्याय एमबीटीआय, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा प्रकार सांगणारी चाचणी. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने 1921 मध्ये मांडलेल्या कल्पनांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी ही चाचणी रचली. माणसांचे 16 प्रकार. काम झटपट होतं, पण काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की अनेकांचा प्रकारच बदलतो. लेखकासाठी अडचण आणखी मोठी आहे: एकदा प्रकार ठरला की पात्र त्याबाहेर पाऊल टाकत नाही. या साच्यातली शालिनी खोटी सही करणारच नाही, म्हणजे कथाच संपली. मी हा पर्याय बाजूला ठेवेन.

बिग फाइव्ह त्यापेक्षा कितीतरी भक्कम. नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता, हे पाच गुण प्रत्येकात कमी-जास्त असतात असं ते मानतं. शालिनीत कर्तव्यदक्षता भरपूर आणि जुळवून घेणं कमी ठेवा. औषध मिनिटाचाही उशीर न करता देणारी, पण देताना टोचून बोलणारी बाई लगेच दिसू लागते. याला मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलची जोड जरूर द्या. माणूस सगळीकडे सारखा वागत नाही, हे त्याने 1968 मध्ये ठासून मांडलं. पुढे 1995 मध्ये युइची शोडाबरोबर त्याने दाखवलं की या बदलण्यालाही प्रत्येकाची स्वतःची घडी असते: असं झालं की तसं वागायचं. डॉक्टरांपुढे शांत राहणारी शालिनी धाकट्या भावाचा फोन आला की भडकते, आणि दर वेळी भडकते. विसंगत वाटणारं पात्र खरं वाटतं ते यामुळेच.

नात्यांची कथा असेल तर अटॅचमेंट थिअरी, म्हणजे लहानपणी सांभाळणाऱ्या माणसाशी जडलेल्या बंधाचा सिद्धांत. जॉन बोल्बीने ती मांडली. मेरी एन्सवर्थने साधारण वर्षाच्या बाळांचं निरीक्षण केलं, तेव्हा आई खोलीतून गेल्यावर मूल किती रडतं यापेक्षा ती परतल्यावर ते काय करतं, यातून जास्त कळलं. बिलगतं, चिडतं की पाठ फिरवतं? म्हणून भांडणापेक्षा भेटीचा प्रसंग लिहा. भाऊ खूप दिवसांनी दारात उभा आहे आणि शालिनी म्हणते, “चपला बाहेर काढ.” धोका एवढाच की सगळं खापर बालपणावर फोडायचा मोह होतो.

खोट्या सहीचं उत्तर मात्र मला मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरकडे मिळतं. त्याची कॉग्निटिव्ह डिसोनन्सची मांडणी 1957 ची: आपली कृती आपल्याच मताशी जुळली नाही की अस्वस्थता येते, आणि कृती तर होऊन गेलेली असते, म्हणून माणूस बहुधा मत बदलतो. 1959 च्या प्रयोगात त्याने आणि कार्लस्मिथने लोकांना कंटाळवाणं काम करायला लावलं आणि पुढच्या माणसाला ‘मजेदार होतं’ असं सांगायला लावलं. त्यासाठी काहींना 1 डॉलर दिला, काहींना 20. नंतर विचारलं तेव्हा 1 डॉलर घेतलेल्यांनाच काम जास्त आवडल्यासारखं वाटत होतं. 20 डॉलरवाल्यांकडे खोटं बोलायला कारण होतं. 1 डॉलरवाल्यांकडे नव्हतं, म्हणून त्यांनी ते स्वतःच्या मनात तयार केलं.

आपण नेमकं उलटं करतो. पात्र घसरायला हवं म्हणून कर्ज, धमकी, ऑपरेशनचा खर्च असं डोंगराएवढं कारण देतो, आणि मग त्याच्या मनात घडण्यासारखं काही उरत नाही. शालिनीला क्षुल्लक कारण द्या: फॉर्म आजच द्यायचाय, वडील नुकते झोपलेत. आता तिला स्वतःला समजवावं लागेल. “त्यांनी हो म्हटलंच असतं.” दुसऱ्या सहीच्या वेळी, “सगळं मीच तर बघते.” तिसऱ्या वेळी भावाने कागद मागितला की तिला खरोखरच त्याचा राग येईल.

लघुकथेला हा एकच पर्याय पुरतो. कादंबरीत माणसं शेकडो पानं टिकवायची असतात, तिथे बिग फाइव्ह आणि मिशेल आधी घ्या आणि घसरणीच्या प्रकरणांत फेस्टिंगर आणा. दोघांचीच गोष्ट असेल तर अटॅचमेंटपासून सुरुवात करा. आणि काहीही निवडलं तरी दुसऱ्या खर्ड्यात एक काम करा: पात्र स्वतःच्या मनाचं अचूक निदान करतंय अशी जेवढी वाक्यं सापडतील, तेवढी काढून टाका.