दिवेआगरची खोली, 25,895 रुपये आणि 08 ने सुरू होणारा जीएसटी नंबर

मी पुण्यात एका सीएच्या ऑफिसात काम करते. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते. त्यामुळे "शिकलेल्या माणसांना एवढंही कळत नाही का?" हे वाक्य पोलिसांपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी मला ऐकवून झालंय. तुम्ही तेवढं नका ऐकवू.

गेले 25,895 रुपये. आधी 7,965, मग 2,000, मग 15,930. एकाच संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत.

प्रकार तुम्हाला माहीत असलेलाच आहे. नकाशाच्या अ‍ॅपवर खऱ्याखुऱ्या घरगुती निवासाची नोंद, त्यात फोन नंबर तेवढा बदललेला, आणि फोन उचलणारा भामटा. माझा राग वेगळाच आहे. जागा निवडताना मी जेवढा अभ्यास केला तेवढा बारावीलाही केला नव्हता, आणि तरी हे झालं.

मुलगी दीड वर्षाची. 26 जानेवारीला जोडून सुट्टी होती आणि तिला पहिल्यांदा समुद्र दाखवायचा होता. गणपतीपुळे नको, तिथला समुद्र ओढणारा आहे, माणसं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. काशीद दिसायला सुरेख, पण किनारा एकदम उतरता. हरिहरेश्वरला खडक. अलिबाग-नागावला सुट्टीत एवढी गर्दी की पोर हरवायची भीती. दापोलीचं मुरुड आणि कर्दे मनात होते, पण तेवढा प्रवास गाडीत बांधून ठेवलेल्या पोरीला झेपला नसता. उरलं दिवेआगर. ताम्हिणी घाट उतरलं की माणगाव, म्हसळा आणि पोचलोच. पुळण लांबलचक आणि सपाट, ओहोटीला पाणी दूर जातं आणि घट्ट ओल्या वाळूवर पोर मनसोक्त बसू शकतं. बोर्ली पंचतन शेजारीच, औषधाचं दुकान लागलंच तर जवळ. हे सगळं मी शोधलं होतं. निवड आजही चुकीची वाटत नाही. लहान मूल घेऊन जाणार असाल तर जरूर जा, फक्त पैसे तिथे पोचून द्या. मालक अ‍ॅडव्हान्सशिवाय खोली धरून ठेवत नसेल तर पाचशे रुपये पाठवा, त्याच्यावर एक रुपया नाही.

फोन केला 10 जानेवारीला संध्याकाळी. ही तारीख महत्त्वाची आहे. 11 ला जीएसटीआर-वन, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख असते आणि आमच्याकडे त्या आधीचे दोन दिवस कोणी धड जेवतही नाही. मी लॅपटॉप घरी आणला होता, पोरगी कडेवर, कुकर गॅसवर. हे कारण म्हणून सांगत नाही. म्हणजे, कारण म्हणूनच सांगतेय.

माणूस मराठी बोलत होता, अस्सल. "हो ताई, अगदी घरच्यासारखं समजा. बाळासाठी दूध गरम करून मिळेल, खाट मिळेल, सगळं मिळेल." हिंदीत बोलणारा असता तर मी सावध झाले असते. आपल्या भाषेत बोलतो म्हणून विश्वास टाकू नका, त्यांनाही माणसं ठेवता येतात.

मी विचारलं, "त्या दिवसांत भरती किती वाजता असते हो?"

तो म्हणाला, "ताई, बीच चोवीस तास ओपन असतो."

हे वाक्य मला अजून रात्री आठवतं. किनाऱ्यावर राहणारा माणूस भरती-ओहोटीच्या वेळा आपल्या शेजाऱ्याच्या नावासारख्या सांगतो. आणि कोकणातला घरगुती निवासवाला पहिल्या मिनिटाला काय विचारतो? जेवायला किती माणसं, मासे चालतात का, वार कुठले पाळता. यानं एका शब्दानं विचारलं नाही. "बुफे आहे," म्हणाला. चार खोल्यांच्या घरात बुफे! वर "फर्स्ट फ्लोअर, सी-फेसिंग बाल्कनी". दिवेआगरची घरं नारळी-पोफळीच्या वाड्यांत आहेत, समुद्र वाडीच्या आणि सुरूच्या पलीकडे. पहिल्या मजल्यावरून दिसणार ते नारळाचे शेंडे.

पण हे सगळं नंतर सुचलं. खरी चीड ज्याची आहे ते सांगते.

7,965 पाठवल्यावर त्यानं पावती पाठवली. नीट छापील, वर निवासाचं नाव, खाली शिक्का. तीन रात्री, दर 4,500, एकूण 13,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 2,430, बेरीज 15,930, निम्मे जमा. बेरीज बरोबर आहे हे मी तपासलं. बेरीज! आणि वर कोपऱ्यात जीएसटी नंबर होता, 08 ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो. 08 म्हणजे राजस्थान. मी हे आकडे रोज बघते. त्याच वेळी माझ्या लॅपटॉपवर 27 ने सुरू होणाऱ्या नंबरांची यादी उघडी होती. 7,500 पर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे, त्याआधी 12 होता, 4,500 च्या खोलीवर 18 होता तो सप्टेंबर 2019 पर्यंतच. शिवाय वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर अशा छोट्या निवासाला नोंदणी लागतच नाही. एका पावतीवर तीन ठिकाणी खोटं लिहिलेलं होतं, ते वाचायचा मला पगार मिळतो, आणि मी बेरीज तपासत बसले. तो नंबरही बहुधा कुणा बिचाऱ्याचा चोरलेला असणार. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिनशिवाय, फुकट, कुठलाही नंबर टाकून मालकाचं नाव दिसतं. अर्धं मिनिट लागतं.

पुढचं भराभर सांगते. बाळाच्या खाटेसाठी आणि सामानासाठी परत मिळणारं डिपॉझिट 2,000. मग, "ताई, दोन वेळा पेमेंट आल्यामुळे सिस्टीम बुकिंग घेत नाहीये. पूर्ण 15,930 एकदम पाठवा, आधीचे 9,965 दहा मिनिटांत आपोआप परत येतील." मी पाठवले. का पाठवले हे नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी भांडले. आधीचे जवळजवळ दहा हजार अडकलेत असं एकदा वाटलं की माणूस ते सोडवायला आणखी घालतो. मग रिफंडसाठी "9,965 चा कोड टाका" असं चौथ्यांदा आलं. पिन टाकणार तोच नवरा दारातून आत आला. पैसे मिळायचे असतील तर पिन लागत नाही, हे मीच सासूबाईंना शिकवलंय.

आणि पिन टाकायच्या आधी समोर जे नाव येतं ते वाचा. निवासाचं नाव नव्हतं, आडनाव ओळखीचं नव्हतं, "ट्रेडर्स" होतं.

आता सरकारी भाग. घरातला वाद संपल्यावर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. सगळे प्रतिनिधी व्यस्त. लागला तेव्हा बाईंनी व्यवहार क्रमांक नीट लिहून घेतले, हे मान्य. तेवढंच काय ते चांगलं. बँकेत गेले तर उत्तर तयार होतं: "मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय." परवानगीशिवाय पैसे गेले तर कामाच्या तीन दिवसांत कळवा, जबाबदारी तुमची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे, पण स्वतः पिन टाकला की तो लागू होत नाही म्हणे. बरं, ज्या खात्यात गेले ते खातं कुणी उघडून दिलं? त्याची केवायसी कुणी तपासली? याला उत्तर नाही. मला मात्र साधा पत्ता बदलायला वीजबिल आणा, भाडेकरार आणा.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी सांगितलं, हे सायबरकडे जातं. सायबरकडे सांगितलं, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यात द्या. परत ठाण्यात, तर आता जागा दिवेआगरला म्हणून रायगड जिल्ह्यात तक्रार करा! अहो, दिवेआगरचा या माणसाशी काय संबंध? पैसे सिंहगड रोडवरच्या माझ्या स्वयंपाकघरातून गेले. मी झिरो एफआयआर म्हटलं, की गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात तसं लिहिलंय. तर हवालदार माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच आरोपी. "स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणा." बँक म्हणते, डिजिटल स्टेटमेंटला शिक्का लागत नाही. ठाणं म्हणतं, लागतो. मुलगी कडेवर रडतेय, मी झेरॉक्सच्या रांगेत. वर एक साहेब विचारतात, "एवढ्या लहान बाळाला समुद्रावर न्यायचंच कशाला?" यांच्या वर्दीचा पगार माझ्याही करातून जातो.

शेवटी अर्ज घेतला, एफआयआर नाही. पोच घ्या, शिक्क्यासकट. मागितल्याशिवाय देत नाहीत. नंतर कळलं की त्या खात्यात 3,110 रुपये गोठवलेत. मिळतील का? मिळतील, कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. 3,110 साठी वकील किती घेईल ते तुम्हीच बघा. म्हणून पैसे गेल्यावर घरात वाद घालत बसू नका, मी बसले आणि तेवढ्यात बाकीचे पुढच्या खात्यांत गेले. आधी 1930.

खऱ्या मालकांचा नंबर एका मैत्रिणीकडे निघाला, ती तिथे राहून आली होती. काका थकलेल्या आवाजात म्हणाले, "वहिनी, आठवड्यापूर्वी मुंबईचं एक कुटुंब बॅगा घेऊन अंगणात उभं होतं. आजी-आजोबा बरोबर. खोल्या भरलेल्या, पाठवू कुठे?" त्यांनी नकाशावरचा नंबर दुरुस्त करून घेतला होता, तो पुन्हा बदलला गेला. मी पण तक्रार नोंदवली. "आढावा घेत आहोत" असं उत्तर आलं, नंबर तिथेच आहे, वर साडेचार तारे. नंबर नकाशावरून घेऊच नका. जाऊन आलेल्या माणसाकडून घ्या. नाहीतर व्हिडिओ कॉल लावा आणि म्हणा, "अंगणात जाऊन वाडी दाखवा." नेट स्लो आहे म्हणाला की ठेवून द्या.

सासूबाई म्हणतात, कोकणात ओळखीनं जावं. त्यांना म्हणावंसं वाटतं, आई, तुमच्या वेळी मोबाइल नव्हते. म्हटलं नाही.

गेल्या रविवारी त्याच माणसानं नवऱ्याला दुसऱ्या नंबरवरून फोन केला, रिफंड हवाय का विचारायला. नवऱ्यानं त्याला बराच वेळ बोलत ठेवलं, आवाज रेकॉर्ड केला, नवा यूपीआय आयडी मिळवला आणि आम्ही दोघं ते सगळं घेऊन ठाण्यात गेलो. नंबर चालू होता, माणूस लाइनवर येत होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ब्लॉक करून टाका.